जमिनीखालच्या माणसाचा विमा

दादा विहिरीत अर्ध्यावर असताना वहिनीने ब्रेक ओढला. बादली जागच्या जागी थांबली, तारेचा दोर करकरला आणि खालून दादाचा आवाज आला, "काय गं, काय झालं?"

दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा धरून वहिनी सुरुंगवाल्याकडे बघत होती.

आमच्या घरी विहिरी खोदायचं काम आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दोन गडी घेऊन तळाशी खडक फोडतो आणि वहिनी काठावर यारी चालवते. यारी म्हणजे एक इंजिन, पुढे झुकलेला लांब लोखंडी हात आणि दोराला टांगलेली मोठी बादली. फुटलेला दगड त्या बादलीतून वर येतो आणि माणसंही तिच्यातूनच खाली जातात. माणूस दोरावर असला की त्याचा सगळा जीव वहिनीच्या ब्रेकवर.

सुरुंगवाला खडक उडवायला या विहिरीवरून त्या विहिरीवर फिरतो, त्यामुळे बातम्या त्याच्याकडे आधी पोचतात. मोटारसायकल उभी करता करताच त्याने विचारलं होतं, "वहिनी, तुमच्या यारीचं कर्जही फायनान्सचंच ना? विम्यासकट?"

"हो. का?"

"टेकडीपलीकडचा तो उंच खोदकाम्या दरड पडून गेला ना, त्याच्या बायकोला फायनान्सने हात हलवत परत पाठवलं. म्हणे, जमिनीखाली काम करणाऱ्याला हा विमा लागूच नाही. वर यारी ओढून नेली ती वेगळीच."

ब्रेक ओढला गेला तो तेव्हा.

"अगं, खाली तरी सोड नाहीतर वर तरी घे!" दादा ओरडला. "टांगून काय ठेवलंस, कंदील आहे का मी?"

वहिनीने त्याला वर घेतलं आणि इंजिन बंद केलं. "आज काम नाही," एवढंच म्हणाली.

हा विमा वहिनीने मागून घेतला नव्हता. भाड्याची यारी सोडून स्वतःची घ्यायला कर्ज काढलं तेव्हा फायनान्सच्या माणसाने सांगितलं, विम्याशिवाय कर्ज मंजूरच होत नाही. आणि पैसे कर्जातूनच कापून घेतले. त्या माणसाला सगळं गाव गोडबोल्या म्हणतं. "वहिनी, मालकांना काही झालं तर कर्ज फिटलं म्हणून समजा, वर घरात रक्कम," असं तो म्हणाला होता. त्याआधी ब्रेकला हात लावताना वहिनीच्या तळव्यांना घाम सुटायचा. ते ऐकल्यावर सुटेनासा झाला. "आपल्या मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं बघ," ती मला म्हणायची.

घरी येऊन मी विम्याचा कागद उघडला. मी भौतिकशास्त्र शिकले, विमा नाही. पण बारीक अक्षरातली अट वाचायला भौतिकशास्त्र लागत नाही. खाण, बोगदा, विहीर, जमिनीखालचं कोणतंही काम: विमा लागू नाही. आणि दादाच्या धंद्यापुढे लिहिलं होतं, यंत्र भाड्याने देणे.

"मी कधी यंत्र भाड्याने दिलं?" दादा म्हणाला.

"तुम्ही वाचलं नव्हतं?" वहिनीने विचारलं.

"कुठे वाचणार? मी तळाला होतो. त्याला गाडी पकडायची घाई. त्याने कागद बादलीतून खाली सोडला, मी तिथेच गुडघ्यावर ठेवून सही केली आणि वर पाठवला. तळाला काय उजेड असतो?"

म्हणजे जमिनीखाली लागू नसलेला विमा गोडबोल्याने दादा विहिरीच्या तळाशी असतानाच विकला होता.

"तक्रार करायची," मी म्हणाले.

"गप्प बस," दादा म्हणाला. "त्यांनी उद्या यारी नेली तर काय, हाताने उकरायचं?"

"आणि गप्प बसलो, आणि तुम्हाला खाली काही..." वहिनीने वाक्य तोडलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. दादाने तक्रारीवर सही केली, पण पेन असं धरलं होतं की जणू ते चावणार आहे.

फायनान्सच्या शाखेतल्या साहेबाने आमचा तक्रारीचा कागद वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. खोलीत पंखा होता, तरी दादाच्या मानेवरून घाम ओघळत होता. खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता तो, कोणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं म्हणून.

"यंत्राचे मालक तुम्ही. मग खाली उतरता कशाला?"

"दुसरा कोण उतरणार, साहेब?"

"बरं. म्हणजे अर्जात धंदा खोटा लिहिला." साहेब शांतपणे बोलत होता आणि त्या शांतपणाचीच भीती वाटत होती. "खोट्या माहितीवर घेतलेलं कर्ज आम्हाला एकरकमी परत मागता येतं. नाही दिलं तर यंत्र उचलावं लागतं. विचार करा. कागद परत घेऊन गेलात तर मी काही पाहिलं नाही."

दादाने कागदाकडे हात नेला. वहिनीने त्याचं मनगट धरलं. ते तिने सोडलं नाही.

"राहू द्या तो," ती साहेबाला म्हणाली. "मिळाला म्हणून लिहून तेवढं द्या."

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि तिथेच तिला उलटी झाली.

साहेबाने दिलेली पोच जोडून मी तक्रारीची एक प्रत मुख्य कचेरीला पाठवली. त्यानंतर जे दिवस गेले, ते कसे गेले ते सांगता येत नाही. यारी कोणी नेऊ नये म्हणून दादा रोज संध्याकाळी इंजिनचं हँडल काढून घरी आणायचा आणि जेवताना मांडीशी ठेवायचा. रस्त्यावर ट्रक वाजला की वहिनीची मान वळायची, आणि तेव्हा दोरावर माणूस असायचा. म्हणून काठावर बसून रस्ता बघायचं काम मी माझ्याकडे घेतलं. "तू फक्त दोराकडे बघ, वहिनी," मी सांगायचे. ती हो म्हणायची आणि रस्त्याकडे बघायची.

शेवटी जीप आलीच. दादा आणि दोन्ही गडी खाली होते, इंजिन बंद होतं. मुख्य कचेरीतून आलेल्या चौकशीच्या बाई उतरल्या आणि त्यांच्या मागून गोडबोल्या. बाई कोणाशी न बोलता थेट यारीच्या पलीकडे गेल्या आणि इंजिनवरचा नंबर उतरवून घ्यायला लागल्या.

"नेणार," वहिनी पुटपुटली.

गोडबोल्या काठाशी आला. बाईंकडे पाठ केली, एक पाय काठावरच्या दगडावर ठेवला आणि मान खाली घालून हळू आवाजात बोलला, "वहिनी, शहाण्या असाल तर सांगा, अर्ज घरी बसून भरला आणि धंदा मालकांनीच सांगितला. माझं नाव आलं तर उद्या यारी उचलायला मी स्वतः येईन. नणंद काय, पदवी पुसत बसेल. तुम्ही काय खाणार?"

विहिरीचं एक असतं. भिंती खडकाच्या, त्यामुळे आवाज चहूकडे पांगत नाही, नळीतून जावा तसा खाली जातो. काठावर बांगडी वाजली तरी तळाला कळतं. म्हणून दादा-वहिनी काठावर कधी भांडत नाहीत. गड्यांना सगळं ऐकू जातं. गोडबोल्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तो तर थेट विहिरीच्या तोंडातच बोलत होता.

खालून दादाचा आवाज उसळून वर आला. "ओ गोडबोले साहेब! जरा मोठ्याने बोला! बाईंना ऐकू आलं नसेल!"

गोडबोल्याचा पाय दगडावरून घसरला. बाई वळल्या.

"कोण बोललं?"

"मालक," वहिनी म्हणाली.

"ते खाली आहेत?"

"रोज असतात."

बाई काठापर्यंत आल्या, कठड्याशिवायचं ते तोंड बघितलं आणि लांबूनच वाकल्या. "मला कोणी दिसत नाही."

"मला पण तुम्ही दिसत नाही, बाई!" दादा ओरडला. आता त्याला थांबवणं अवघड होतं. "अर्जावर सही मी इथेच केली! कागद बादलीतून आला, सोडणारे हेच होते! जागा बघायची तर बादली पाठवायला सांगतो!"

बाई एक पाऊल मागे सरकल्या. मग गोडबोल्याला म्हणाल्या, "तुम्ही मला जीपमध्ये सांगितलंत, अर्ज यांच्या घरी भरला."

"मॅडम, विहिरीत आवाज घुमतो. काहीतरी भलतंच ऐकलं असेल त्यांनी."

"आम्ही पण तेच भलतंच ऐकलं!" खालून दोन्ही गडी एका सुरात ओरडले. "यारी उचलतो म्हणाले, आणि वहिनी काय खाणार म्हणाले!"

बाईंनी हसू दाबलं की काय, मला नीट कळलं नाही. त्या तिथेच दगडावर बसल्या आणि लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. गोडबोल्या जीपमध्ये जाऊन बसला.

पुढे पत्र आलं. विमा चुकीच्या पद्धतीने विकला होता हे कंपनीने मान्य केलं. विम्यापोटी कापलेले पैसे व्याजासह कर्जातून वजा केले, हप्ता कमी झाला, कर्ज चालू राहिलं. विमा पहिल्या दिवसापासून रद्द. दादाने पत्र खिशात घातलं आणि सुरुंगवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. टेकडीपलीकडच्या त्या खोदकाम्याच्या बायकोला मी तक्रार लिहून दिली. तिची अजून चालू आहे.

वहिनीने मला बाजूला घेतलं. "मग आता नवा विमा कधी? खरा?"

मी फायनान्सला विचारलं होतं. तालुक्याच्या दोन विमा कंपन्यांनाही विचारलं होतं. विहीर म्हटलं की पलीकडचा माणूस फोन ठेवून द्यायचा. हे मी तिला सांगितलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे आपण तक्रार जिंकलो, आणि विमा नाही."

"हो."

"आणि आधी? कागद होता तेव्हा?"

"तेव्हाही नव्हता, वहिनी."

दुसऱ्या दिवशी दादा शीळ घालत बादलीत चढला. "आता कशाला तोंड पाडून उभी आहेस? यारी कुठे जात नाही आपली."

"यारीसाठी कोण घाबरत होतं," वहिनी म्हणाली.

दादाला ते कळलं असावं, कारण शीळ थांबली. तिने तळवे पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि ब्रेक सैल केला. बादली इतकी हळू उतरली की गड्यांनी खालून हाका मारल्या. शेवटी ती टेकली, दोर सैल पडला, दादा उतरल्याचा आवाज आला. वहिनीने तरी दांडा सोडला नाही.

"उतरला गं तो," मी म्हणाले.

"कळलं मला," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी धरूनच राहिली.