चुलीच्या देवाचं तोंड

आखातातल्या एका शहराच्या मुशैरिब भागात, एका खाजगी संग्रहालयात कनीज जुने कागद दुरुस्त करायची. रत्नागिरीच्या कनीजचा हात हलका, त्यामुळे नाजूक कामं तिच्याकडेच यायची. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. समोर चीनमधलं शंभरेक वर्षांपूर्वीचं चित्र होतं: लाकडी ठशांनी लाल-हिरव्या रंगांत छापलेला चुलीचा देव. साध्या घरांत चुलीमागच्या भिंतीवर चिकटवायचं स्वस्त चित्र. देवाच्या तोंडावर तपकिरी डाग होता.

"तेवढा डाग काढ," विभागप्रमुख नीलांबरीताईंनी सकाळीच सांगितलं होतं.

ओल्या बोळ्यानं अर्धा डाग निघाला, तेवढ्यात लिन आत आली. चीनमधल्या त्यानजिन शहरातली लिन प्रदर्शनातले दिवे बसवायची. बोळा बघून ती थबकली.

"मध असेल तो," ती म्हणाली. "वर्ष संपताना हा देव वर स्वर्गात जाऊन घरातलं सगळं सांगतो. त्यानं गोड बोलावं म्हणून माझी आजी त्याच्या तोंडाला मध लावायची, मग चित्र जाळून नवं चिकटवायची."

"मग हे कसं राहिलं?"

लिनलाही ते माहीत नव्हतं.

कनीज उठली, बसली, बाहेर उन्हात एक चक्कर मारून आली. मध लावून झाला आणि चित्र मात्र जाळलं नाही; त्या घरात तेव्हा काय झालं असेल? भिंग घेऊन तिनं उरलेला डाग पाहिला. एका बोटानं डावीकडून ओढलेला दिसत होता. ओठांच्या मध्यावर तो तुटला होता. पुढचं तिनं पुसलं होतं.

ती तडक नीलांबरीताईंकडे गेली आणि सगळं सांगितलं.

"आता उरलेलंही काढ. अर्धवट दिसलं तर संग्रहालयाचे मालक मला विचारतील."

"नाही काढणार, ताई."

सहा वर्षांत कनीजनं पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. ताई तिच्या टेबलापाशी आल्या आणि भिंगावर वाकल्या.

"काढ म्हणाले ते मीच," त्या म्हणाल्या. "मालकांशी मी बोलते. चित्राखालच्या पाटीवर खरं काय ते लिही. आपण पुसलं असं लिही."

कनीजनं लिहिलं, तरी तिला चैन पडेना. उद्घाटनाच्या दिवशी मालकांनी पाटी वाचून विचारलं, "हे पुसलं कुणी?"

"मी," कनीज आणि नीलांबरीताई एकदमच म्हणाल्या.