शनिवारची दहा मिनिटं

मित्रांनो, जरा लांबूनच बघा, कपड्यांना तेल लागेल! मी एक जुना लेथ आहे. धातूचा तुकडा घट्ट धरून गरगर फिरवायचा आणि त्याला हवा तो आकार द्यायचा, हे माझं काम. वय विचारू नका. चाकांचे दात सगळे शाबूत आहेत.

तरुणपणी कारखान्यात माझा केवढा रुबाब होता! गावच्या पाण्याच्या पंपाचे बुश, म्हणजे ज्यात दांडा फिरतो ती जाड पितळी कडी, माझ्यावरच घडायचे. मला चालवायचे केसभर काका. डोक्यावर एक केस नाही, पण दिवसभर तोंडात एकच, "केसभर कमी कर, केसभर जास्त झालं!"

पुढे परदेशातून जहाजाने तयार बुश येऊ लागले. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर रिकामे डबे आले, ओले रुमाल वाळू लागले. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

काका निवृत्त झाले, त्यांचा हातही थरथरू लागला. तरी दर शनिवारी ते लेकीला घेऊन माझ्याकडे यायचे. ती याच कारखान्यात खोकी बांधायची. दहा मिनिटं ती मला पुसायची, तेल घालायची आणि लाकडाचा एक बुश कातायची. माझ्या हँडलला जरा ढिलाई आहे. आधी अर्धा फेरा मागे, मगच पुढे, नाहीतर माप चुकतं, हे तिला पाठ झालं होतं.

"काका, खेळण्यांचं दुकान काढताय की काय?" मॅनेजरसाहेब हसायचे. मला भंगारात काढायचं त्यांनी ठरवलंच होतं.

आणि लढाई पेटली. बंदर बंद, जहाजं बंद. त्यातच पंपाचा बुश झिजला आणि गावाचे नळ कोरडे पडले. इस्पितळाच्या टाकीत जेमतेम संध्याकाळपर्यंतचं पाणी होतं.

साहेब धावत आले. माझ्यावरचे डबे त्यांनी स्वतः उचलले. पितळेचे तीनच तुकडे उरले होते. घाईघाईत ते स्वतःच कातायला लागले. ढिलाई त्यांना कुठली माहीत! दोन तुकडे वाया गेले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाजूला व्हा, साहेब," लेक म्हणाली. तिने निरोप धाडून काकांनाही बोलावलं होतं.

अर्धा फेरा मागे, मग पुढे. पितळेचा कीस उडू लागला. तिने मला थांबवलं.

"बाबा, बास?"

काकांनी बुशच्या आतून बोट फिरवलं. "केसभर."

तिने आणखी केसभर कातलं. बुश पंपात चपखल बसला. ऊन कलायच्या आत इस्पितळातून नर्सबाईंचा फोन आला, "आलं, आलं! नळाला पाणी आलं!" सगळा कारखाना ओरडला. मीही ओरडलो असतो, पण माझं बटण बंद होतं.

साहेब माझ्यावरचं तेल आपल्या रुमालाने पुसत म्हणाले, "काका, हा इथेच राहील."

"नुसता ठेवून काय करता?" काका म्हणाले. "मी थकलो. ही एकटी. उद्या हिला ताप आला तर?"

आता शनिवारी माझ्याभोवती पाचजण शिकायला असतात. मित्रांनो, तहान लागल्यावर विहीर खणायला बसू नका. मला हार घालू नका, कोपऱ्यात पूजूही नका. दहा मिनिटं चालवा, आणि चालवणारे हात घडवत राहा. त्या पाचांत मागच्या रांगेत कोण उभं असतं, सांगू? मॅनेजरसाहेब! अजून ते अर्धा फेरा मागे घ्यायला विसरतात.