प्यादेमात

एकाहत्तर साली श्रीरामपूरच्या शामकांत मास्तरांचा मुलगा माधव अमेरिकेत एका खोलीभर पसरलेल्या संगणकाला बुद्धिबळ शिकवत होता. सरावासाठी त्याने वडिलांनाच यंत्राशी डावाला बसवलं. खेळी पत्राने जायची, पत्राने यायची, आणि खाली चार ओळी घरच्यांसाठी. एरवी त्याचं पत्र दिवाळीलाच. आता पोस्टमन महिन्याच्या महिन्याला दारात. मास्तर यंत्राला मनोमन दुवा द्यायचे.

पंचाईत एवढीच, की यंत्र अगदीच लिंबूटिंबू निघालं. त्याचा वजीर गेला, घोडे गेले, आणि माधवने विचारलं, 'हरणारा डाव यंत्राने कधी सोडावा? तसा नियम लिहायचाय. तुम्हीच सांगा.'

वजीर गेला की मुकाट्याने डाव सोडावा, असं मास्तरांनी जन्मभर पोरांना बजावलेलं. पण तेच कळवलं तर डाव संपणार, पत्रंही संपणार. शेवटी लिहिलं, 'सोडायचा नाही. मला प्यादेमात करायची आहे.' प्याद्याने केलेली मात सगळ्यात मानाची. तिच्यापायी हातातली मात सोडणारे शौकीन गावोगाव होते. शंका यायचं कारण नव्हतं.

"अहो, वजिराने आत्ताच मात होतेय की!" बघून बघून खेळ शिकलेल्या नीलांबरीबाई म्हणाल्या.

"प्याद्यानेच करायची."

"ते पोचणार कधी?"

"पोचेल हळूहळू. घाई कुणाला आहे?"

बाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाल्या, "मग त्याचा हत्ती मारू नका. नुसत्या राजावर तो किती दिवस खेळणार?"

अशाच आणखी काही खेळ्या रेंगाळल्या. मग माधवचं पत्र आलं. 'बाबा, तुमची सगळ्यात चांगली खेळी कोणती, ते यंत्र दर वेळी आधीच छापतं. तुमची मात मला कधीपासून दिसतेय. डाव सोडायचा नियम लिहून झाला, पण तुमच्या डावाला लावला नाही. यंदाही येणं जमत नाही. सावकाश खेळा.'

चोरी पकडली गेल्याची लाज मास्तरांना वाटलीच. पण पोराला या क्षणी समोर बसवून डोळे भरून बघावं, ही ओढ त्याहून मोठी होती. त्यांनी राजा उगाच एक घर सरकवला, खेळी लिहिली आणि खाली लिहिलं:

'यंत्राचं राहू दे. तू ये. येशील त्या दिवशी हा डाव मी सोडतो.'