तिसऱ्या खंडातली सुतळी

"वा शेठ! असं वासराचं कातडं आता पाह्यले नाई भेटत!"

रहमतुल्ला बुकबाइंडर हातातलं पुस्तक चाचपत कौतुकानं बोलून गेला आणि चंपालालशेठनं डोळेच मिटले. दारामागं त्यांची बायको राजमतीबाई उभी होती. मी शेठची दुरुस्त केलेली सायकल द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं मला फुकटात बघायला मिळालं.

"कायचं कातडं?" बाई पुढं आल्या.

चंपालाल वाशिमचे किराणावाले, पक्के जैन. कांदा-लसूण घरात नाही, जेवण सूर्य बुडायच्या आत. पण नाद कसला, तर एका जुन्या विलायती कादंबरीकाराच्या सोनेरी अक्षरांच्या पुस्तकांचा! शंभर वर्षांपूर्वीचे संच. अनसिंगच्या बाजाराला जातो म्हणून निघायचे आणि नागपूरची रद्दीची दुकानं पालथी घालायचे. कातड्याचा वास येऊ नये म्हणून पुस्तकांना चंदनाचं अत्तर लावायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दुपारी ते इंग्रजीतून वाचायचे आणि बाईंना आपल्या बोलीत गोष्ट सांगायचे. एक गोष्ट तीन खंडांची होती. त्यातल्या बाईचा नवरा जहाजावर गेलेला. दुसऱ्या खंडाच्या शेवटी जहाज बुडाल्याची खबर आली, आणि तिसरा खंड काही केल्या सापडेना. राजमतीबाई एकसारख्या विचारायच्या, "येते का नाई हो तो?" चौऱ्याहत्तर साली अखेर तो खंड मिळाला. पाठ खिळखिळी होती, म्हणून रहमतुल्लाला घरी बोलावलं. आणि त्यानं तोंड उघडलं.

"माह्या देवाच्या भिंतीले लागून मेलं जनावर ठिवलं तुमी?" बाईंनी दाराकडं बोट केलं. "आत्ताच्या आत्ता बाहीर काढा!"

"बाई, कातडं काढून कापड लावून देतो ना मी," रहमतुल्ला कळवळून म्हणाला.

"एकडाव सोललं त्याले, आता अजून सोलता?"

सगळी पुस्तकं त्याच दिवशी रहमतुल्लाच्या दुकानात आली, माझ्या सायकलच्या दुकानासमोर. शेठही दुपारभर तिथंच बसू लागले. घरात अबोला. बाईंचा जीव गोष्टीतल्या नवऱ्यात अडकलेला, आणि शेठ म्हणत, "कातड्यातली गोष्ट घरात कशी आणू?" पिकल्या केसांची माणसं, पण रुसवा पोराटोरांचा.

एका दुपारी बाई स्वतः बाजारात आल्या. डोईवर पदर, रहमतुल्लाच्या दुकानाच्या पायरीखालीच उभ्या.

"वाचा," त्या म्हणाल्या. "मी अथूनच आयकतो."

रहमतुल्लानं लगबगीनं रस्त्यावर स्टूल मांडलं, त्यावर धुतलेली चादर घातली. शेठनं पान उघडलं. मग घसा खाकरून सांगू लागले. मी पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवून तशीच धरून बसलो; गिऱ्हाईक बोंबलत होतं. मलाही ऐकायचं होतं ना, येतो की नाही!

मग रोजच स्टूल बाहेर येऊ लागलं. एके दिवशी गोष्ट अगदी बंदरावर आली. जहाज लागलं, शिडी खाली आली. शेठनं किराण्याच्या सुतळीचा तुकडा खुणेसाठी पानात घातला आणि बाईंकडं बघून मिश्कील हसले. "आता उद्या!"

पहाटे छातीत कळ आली आणि शेठ गेले.

सुतक फिटलं, दिवाळीही गेली. मग एका दुपारी बाई येऊन स्टुलावर बसल्या. रहमतुल्लानं न सांगता तिसरा खंड काढला, पुसला. इंग्रजी आमच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. मला राहवेना.

"काकू, हायस्कुलातल्या मास्तराले आणू का? दोन-चार पानाचं काम हाये. आला का नाई, ते तरी समजंन."

बाईंनी पुस्तकाकडं बघितलं. मग हात पुढं केला. कातड्याला बोट लागू न देता लोंबणारं सुतळीचं टोक तेवढं पानात सारलं.

"नको, जगदेव. मले त्याईच्याच तोंडून आयकाचं होतं."

खंड पुन्हा फळीवर गेला. उन्हं उतरली होती. जेवणवेळ टळू नये म्हणून बाई उठल्या, आणि घरी कुणी ताटावर खोळंबलं असावं तशा झपाझप निघाल्या.