चौथा हेडफोन

"हाही बंद!" लॉर्नने खोकं काउंटरवर आपटलं. "डावीकडे चिडीचूप. तुम्ही माल विकता की कचरा?"

माल परत घ्यायच्या काउंटरवरची जसलीन आता त्याला नावानिशी ओळखत होती, यातच सगळं आलं. दोन आठवड्यांत त्याने परत आणलेला हा तिसरा हेडफोन.

"पहिल्याचीही डावीच बाजू गेली होती ना, सर?"

"आणि दुसऱ्याचीही. स्वस्तातलं घेतलं की असंच होतं, हे मी हिला केव्हाचं सांगतोय."

"मी महागातला घे म्हणत होते. उगाच माझ्यावर ढकलू नकोस," बायको ग्लेंडा म्हणाली. "आणि हळू बोल. सगळं दुकान बघतंय."

"बघू दे."

हेडफोनचं खूळ मात्र ग्लेंडाचंच. लॉर्न टीव्हीचा आवाज इतका चढवायचा, की शेजाऱ्यांना घरबसल्या फुकटात सिनेमा. शेवटी तिने सांगून टाकलं, एक तर हा टीव्ही तरी घरात राहील नाहीतर मी तरी. शिवाय शनिवारी संध्याकाळी लॉर्न आणि एडमंटनला राहणारा त्याचा धाकटा भाऊ मायरन, दोघं इंटरनेटवर लढाईचा गेम खेळायचे. साठीच्या घरातले दोन भाऊ, पण आरडाओरडा शाळकरी पोरांसारखा. अलीकडे लॉर्न सारखा मरायचा, आणि मारणारा दर वेळी डावीकडून यायचा. "अरे ठोंब्या, पावलं ऐकू येत नाहीत का तुला? तिकडून हत्ती आला तरी तू आपला झोपलेला!" मायरन ओरडायचा, आणि लॉर्न हेडफोनवर खापर फोडायचा.

एरवी तो दुकानात असा तोंड टाकणारा माणूस नव्हे. पण गुरुवारपासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

गुरुवारी लाकूड कापायच्या गिरणीच्या आवारात तो माल उचलायच्या गाडीवर, म्हणजे फोर्कलिफ्टवर, फळ्यांचा गठ्ठा घेऊन मागे येत होता. तिथला नियम साधा आहे. पायी येणाऱ्याने गठ्ठ्यांच्या रांगेत शिरण्याआधी चालकाला हाक मारायची, चालकाने हात वर केला की मगच शिरायचं. टेस हार्मन नावाची नवी पोरगी डाव्या रांगेत गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावत होती. ती लॉर्नला दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. तिने उडी मारली म्हणून जीव वाचला, मनगट मात्र मोडलं. "मी हाक मारली होती," जमिनीवर बसून ती रडत सांगत होती. "यांनी हातसुद्धा वर केला!"

हात वर केल्याचं लॉर्नला आठवत होतं, पण तो टोपी सारखी करायला. हाकबिक काही नाही. सुपरवायझर गॉर्डने विचारलं तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एकतीस वर्षं मी या सीटवर बसतोय, गॉर्ड. हाक मारली असती तर ऐकली नसती का? मी काय बहिरा आहे?"

संपला विषय. टेसला कामाला लागून दोनच महिने झाले होते, नोकरी अजून पक्की नव्हती. नियम मोडला तो मोडला, वर खोटंही बोलली, असं आवारात जो तो म्हणत होता. सोमवारी सकाळी गॉर्ड तिला बोलावून घरी पाठवणार, हेही सगळ्यांना माहीत होतं.

आज दुकानात येताना ग्लेंडाने गाडीत नेमका तोच विषय काढला. "ती पोरगी खोटं बोलेल असं वाटत नाही रे."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

तेव्हापासून त्याचा पारा जो चढला होता, तो उतरायचं नाव घेत नव्हता.

"चला, आपण दुसरा बघू," जसलीन काउंटरमागून बाहेर आली. "तुम्हाला नक्की कशासाठी हवाय?"

"सिनेमा, गाणी आणि गेम. तिन्हीला मिळून एक. आणि खिशाला परवडेल असा."

भिंतीवर टांगलेल्या ढिगातून तिने एक काळा हेडफोन काढला. "मग वायरवालाच घ्या. स्वस्तातल्या बिनवायरच्यात काय होतं, गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो. तुम्हाला चष्मा आहे, म्हणून याची गादी मऊ आहे, नाहीतर तासाभरात कानशिलं ठणकतात. माइक काढून ठेवता येतो. घाला बरं."

हेडफोन डोक्यावर झकास बसला. लॉर्नला तो आवडला, पण तसं कबूल करायची त्याची तयारी नव्हती. जसलीनने दुकानाचा टॅब्लेट हातात घेतला.

"आता आगगाडी येईल. उजवीकडून येणार आणि डावीकडे निघून जाणार. डोळे मिटा, मजा येते."

त्याने डोळे मिटले. उजवीकडे लांबवर शिट्टी झाली. चाकांचा खडखडाट वाढत वाढत आला, कपाळापर्यंत आला, आणि तिथेच गाडी नाहीशी झाली.

"मेला," त्याने हेडफोन ओढून काढला. "हाही मेला!"

जसलीनने तो स्वतःच्या डोक्यावर घातला. "मला तर दोन्हीकडे येतोय, सर."

"आण इकडे," ग्लेंडा म्हणाली. तिने हेडफोन चढवला, आणि तिचं बोट आपोआप गाडीबरोबर फिरायला लागलं. उजव्या खांद्यापासून निघालं, नाकासमोरून गेलं, डावीकडे वळलं, पार मागे गेलं. लॉर्न त्या बोटाकडे बघत राहिला.

जसलीन जरा जवळ आली. "एकदा उलटा घालून बघता? उजवी बाजू डाव्या कानावर."

"ते कशाला?"

"बघा तर."

त्याने तो उलटा घातला. काही नाही. "लावलीस का गाडी?" त्याने विचारलं. जसलीनने मान हलवली. टॅब्लेटवर गाडी पळताना त्याला दिसत होती, पण आवाज नव्हता. आणि मग एकदम त्याच्या उजव्या कानात चाकं खडखडली, गाडी लांब लांब गेली, शिट्टी विरली. मघाशी जो अर्धा भाग गायब झाला होता, नेमका तोच.

हेडफोन ठणठणीत होता. आधीचे तिन्हीही ठणठणीतच असणार.

लॉर्नने हेडफोन काढला. कानाचा विचार त्याच्या मनात नंतर आला. आधी आठवली ती गुरुवारची रांग. फोर्कलिफ्टवर उजव्या कानाशी इंजिन गुरगुरत असतं. ऐकायचं ते सगळं डाव्या कानाने. आणि टेस डावीकडे होती.

"तपासून घ्या, सर," जसलीन हळूच म्हणाली. "कधीकधी नुसता मळ असतो. आणि फोनमध्ये एक सोय असते, दोन्ही बाजूंचे आवाज एकाच कानात आणता येतात. लावून देऊ?"

"नको. हाच दे, पैसे घे," लॉर्न म्हणाला. त्याला तिथून कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं.

परतताना डावीकडच्या स्टिअरिंगवर लॉर्न होता, उजवीकडे ग्लेंडा. नदीवरचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "जेवायला मी तुझ्या डाव्या हाताला बसते."

"हं."

"आणि गाडीत उजव्या. गाडीत आमचं कसं छान जमतं, घरात शिरलं की हा माझ्याकडे लक्षच देत नाही, असं मी माझ्या बहिणीला सांगत होते. दोन वर्षं मनातल्या मनात कुढतेय मी, लॉर्न. मला वाटलं, तुला माझा वीट आलाय."

लॉर्नने गाडीचा वेग कमी केला. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं, पण तोंडून निघालं भलतंच. "त्या पोरीने हाक मारली होती, ग्लेंडा."

ग्लेंडाने नाक पुसलं. "ते तुला काय माहीत? मारली असेल, नसेलही."

"सकाळी तर तूच म्हणत होतीस..."

"सकाळी मला हे माहीत नव्हतं!" ती एकदम कडाडली. "पुरी पेन्शन मिळायला दीड वर्ष राहिलंय. या वयात तुला दारात तरी कोण उभं करणार आहे? ती तरुण आहे, हातपाय धड आहेत, मिळेल तिला काहीतरी. सोमवारी तू तोंड उघडायचं नाहीस. आधी डॉक्टरकडे जाऊ. मळ निघाला तर प्रश्नच मिटला."

"आणि नाही निघाला तर?"

तिने गाडीतला हीटर वाढवला.

"वसंतात गिरणीत कान तपासणारी गाडी आली होती," लॉर्न म्हणाला. "सर्दी झालीय सांगून मी सटकलो. फोनही मी उजव्याच कानाला लावतो. मला अगदीच काही ठाऊक नव्हतं असं नाही गं."

"मग आणखी दीड वर्ष ठाऊक नसू दे!" ग्लेंडा म्हणाली आणि रडायला लागली. तिच्यावर रागावता येईना. ती घाबरली होती, आणि त्याची अवस्था काही वेगळी नव्हती.

रविवारभर तो तळघरात हेडफोन घालून बसला. सुलटा घालून बघितला, उलटा घालून बघितला. कान शेकून बघितला, तेल घालून बघितलं. डावीकडे आवाज काही उमटेना. वरती ग्लेंडा भांडी आपटत होती की नुसती ठेवत होती, कोण जाणे.

सोमवारी सकाळी तिने कॉफीचा थर्मास त्याच्या हातात दिला. "ठरलंय ना आपलं?"

त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गॉर्डच्या खोलीत टेस आधीच येऊन बसली होती. हात प्लास्टरमध्ये, डोळे सुजलेले. तिने लॉर्नकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. गॉर्डला हे काम लवकर उरकायचं होतं.

"एकदाच विचारतो, लॉर्न, हिच्या तोंडावर. गुरुवारी हाक ऐकलीस?"

"नाही."

टेसने डोळे मिटून घेतले.

"झालं तर," गॉर्ड म्हणाला. "टेस, मला वाईट वाटतं, पण..."

"थांब, गॉर्ड." लॉर्न म्हणाला. आता गप्प बसलो तर सगळं आहे तसं राहील, एवढाच विचार त्याच्या मनात घोळत होता. घर, गाडी, ग्लेंडा, फोर्कलिफ्ट, सगळं. फक्त ही पोरगी राहणार नाही. "ऐकली नाही हे खरं. पण तिने मारली नाही, असं मी कशावरून म्हटलं? टेस, जरा ऊठ. माझ्या डाव्या बाजूला ये."

"कशाला?" ती फटकन म्हणाली.

"ये तर खरी. गुरुवारी मारली होतीस तशीच हाक मार. मी डोळे मिटतो आणि उजवा कान दाबून धरतो."

"लॉर्न, हा काय तमाशा चाललाय?" गॉर्ड म्हणाला.

"मारू दे तिला."

त्याने डोळे मिटले. उजव्या कानावर तळवा घट्ट दाबला. तो वाट बघत राहिला. अजून तिने सुरुवात का केली नाही? रागाने खोलीबाहेर तर गेली नाही ना? कुठेतरी, भिंतीपलीकडे असावं तसं, काहीतरी पुसट हललं. त्याने आणखी थोडी वाट पाहिली आणि डोळे उघडले.

टेस त्याच्या खांद्याला खेटून उभी होती. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताठ. गॉर्ड खुर्चीतून उठला होता. बाजूच्या ऑफिसातली दोन माणसं काय झालं म्हणून दारात धावत आली होती.

"मारली?" लॉर्नने विचारलं.

गॉर्ड त्याच्या समोर आला आणि एकेक शब्द सुटा करत बोलला. "दोनदा. आख्ख्या आवाराला ऐकू गेली असेल."

"मग गुरुवारीही मारली होती. मी टोपी सारखी केली, तिला वाटलं मी हात वर केला. तिने नियम पाळला, गॉर्ड. चूक माझी." त्याने खिशातून फोर्कलिफ्टची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

गॉर्डने किल्ली उचलून खणात टाकली. "डॉक्टरचा कागद येईपर्यंत तुला त्या सीटवर बसवता येणार नाही. पुढचं मला सांगता येत नाही, दोस्ता."

"ठाऊक आहे."

टेसला आभारबिभार मानायचे नव्हते. "चार दिवस इथे सगळे मला खोटारडी म्हणत होते," ती म्हणाली, जाकीट कसंबसं खांद्यावर ओढलं आणि निघून गेली.

लॉर्न बाहेर पडला तेव्हा बर्फ भुरभुरत होता. ग्लेंडाला काय सांगायचं, या विचारात तो आपल्या गाडीकडे चालला होता. अचानक टेस त्याच्या वाटेत आडवी आली. धावत आली असावी, तोंडातून वाफा निघत होत्या. मागून हाकाही मारल्या असतील.

ती वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली.

"मी हाक मारली होती," ती म्हणाली.

"मारली होतीस."

"ते तुम्ही गॉर्डला सांगितलंत. मला नाही."

लॉर्नने टोपी काढली. "तू हाक मारली होतीस, टेस. मी ऐकली नाही, आणि वर तुलाच खोटं पाडलं. माझं चुकलं."

तिने मान हलवली. ठीक आहे, असं ती म्हणाली नाही. तिची गाडी जवळच उभी होती. पुढच्या काचेवर बर्फाचा जाड थर होता, आणि त्यात एका हाताने कशीबशी खरवडलेली वीतभर जागा. लॉर्नने हात पुढे केला. टेसने जराशाने बर्फ खरवडायची पट्टी त्याच्या हातात दिली.

त्याने सगळी काच साफ केली, कडांपर्यंत. ते होईपर्यंत ती त्याच्या उजव्या हाताला उभी राहिली.