घासले गेलेले वाक्य

मित्रांनो, रविवारी इंदुमतीबाई सहाला उठतात. चहाचे आधण ठेवतात, चाळणीत पोहे भिजवतात आणि दारामागच्या कचऱ्याच्या पिशव्यांवर नजर टाकतात. ओला एकीकडे, सुका दुसरीकडे. बडा गणपतीच्या देवळामागच्या आमच्या गल्लीत सात चाळीसला कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येते. परवाच्या रविवारी दारामागे तिसरी पिशवी होती. तिच्यात जुन्या प्लेअरशेजारी मी पडले होते.

मी एक जुनी डीव्हीडी आहे. माझ्यात एक हसवणारी प्रेमकथा आहे. त्यातला विसराळू डॉक्टर दोन तास एका भांडखोर फुलवालीला मनातले सांगायचे टाळतो आणि शेवटी स्टेशनच्या पायऱ्यांवर तोंड उघडतो. तिथेच मी अडकते.

हा प्रताप इंदुमतीबाईंच्या यजमानांचा, दिवाकररावांचा. ते पोलोग्राउंडच्या कारखान्यात टर्नर होते. माझ्यावर बोटांचे डाग पडले, तेव्हा ते मला कारखान्यात घेऊन गेले. "भिया, आपल्या मशीनवर लोखंडाचा आरसा होतो, ही तर प्लास्टिकची चकती!" असे शेजारच्या कामगाराला म्हणत त्यांनी माझी कड पॉलिशच्या चाकाला लावली. संध्याकाळी नायकाने तोंड उघडले आणि चित्राचे चौकोन झाले. थोड्या वेळाने एकदम लग्नाची वरातच!

"दोन तास वाट पाहिली," इंदुमतीबाई कडाडल्या, "आणि तुम्ही त्याचं बोलणंच घासून टाकलंत?"

दिवाकरराव खाकरले. "मग मी सांगतो ना, काय म्हणाला असेल तो. सुनिए... तुमच्या पोह्यांवर मसाल्याचं जीरावन कमी असतं. तरी रोज खाईन."

बाई पदराआड हसल्या. त्यांचे लग्न ठरवून झालेले. असे काही त्यांना कोणी कधी म्हटलेच नव्हते. पुढे चौदा वर्षे, महिन्यातून एका रविवारी, मी त्या जागी अडकायची आणि दिवाकरराव नवे वाक्य बोलायचे. मित्रांनो, चांगल्या तबकड्या पुष्कळ असतील. पण माझ्यातल्या खोटीवर एवढे प्रेम करणारी माणसे मला मिळाली, याचा मला अभिमान वाटतो.

दिवाळीनंतर दिवाकररावांना पक्षाघात झाला. हात सावरला, पण शब्द तुटके येऊ लागले आणि लाजेने त्यांनी बोलणेच सोडले. रोज बोलवून घ्या, नाहीतर उरलेली वाचाही जाईल, असे डॉक्टरांनी बजावले. बाईंनी पाढे म्हणवून पाहिले, वर्तमानपत्र पुढे धरले. ते फक्त मान हलवत.

मुलगी ऋजुता बेंगळुरूहून रजा काढून आली. बाबांना बरे वाटावे म्हणून शनिवारी तिने हाच सिनेमा नव्या टीव्हीवर लावला. पायऱ्यांवर नायक न अडखळता सगळे बोलला. "बघ आई, एकदम साफ! ते भंगार काढून टाकू ना यार आता," म्हणत तिने प्लेअर आणि मला तिसऱ्या पिशवीत भरले. दिवाकरराव खिडकीबाहेर पाहत राहिले. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

रविवारी सकाळी बाईंनी पोहे फोडणीला टाकणे बाजूला ठेवले, तिसऱ्या पिशवीतून आम्हा दोघांना बाहेर काढले आणि प्लेअर टीव्हीला जोडला. मऊ फडक्याने मला मधून कडेकडे अलगद पुसले, कारण तबकडी गोल घासायची नसते, हे त्या घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे. मग रिमोटने सिनेमा थेट पायऱ्यांवर आणला. नायकाने तोंड उघडले. चौकोन दिसताच त्यांनी चित्र थांबवून ठेवले, वरात येऊ दिलीच नाही.

"अहो, तो थांबलाय," त्या म्हणाल्या. "मीही थांबलेय. मला घाई नाही."

ऋजुता डोळे चोळत दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"जी... रा... वन," दिवाकरराव म्हणाले.

"कमी असतं?"

"क... मी. त... री..."

"तरी काय? पूर्ण करा. त्याला तुम्हीच मुकं केलंय!"

ते हसले. तोंड वाकडे झाले, तरी हसले. "खा... ईन. रो... ज."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि "आधी बनवू तर द्या," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचे गाणे वाजू लागले. ऋजुताने तिसऱ्या पिशवीतून माझी रिकामी डबी काढली आणि टीव्हीशेजारी फळीवर उभी केली. रिकामी पिशवी तिने घडी घालून खणात ठेवली. मग दोनच पिशव्या उचलून ती जिना उतरली.