सातवा भाग वाचलात का, सर?

बंगळुरूच्या जयनगरात, दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायच्या एका हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर, डोशाच्या वासात बुडालेल्या ऑफिसात सुगुणा माहितीपुस्तिका लिहायची. कंपनीनं 'हुडुकू' (कन्नडमध्ये 'शोध') नावाचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. एआय एजंटांनी त्यातून सुट्या कामांची कंत्राटं शोधून आणायची आणि ती कामं उरकायची. यंत्रांना कामं मिळायची सोय झाली, आणि नेमकं सुगुणाचं काम जायची वेळ आली.

"वाईट वाटून घेऊ नकोस अम्मा," साहेब वीरभद्रप्पा म्हणाले. "पण पुस्तिका वाचतं कोण? एजंटच ना? मग पुढल्या एजंटच लिहितील. ही तुझी शेवटची."

"तुम्ही वाचता ना, सर. मंजुरी तर तुमचीच असते."

"मी तर शब्द न् शब्द वाचतो," साहेब फोनातून डोकं वर न काढता म्हणाले.

ही शुद्ध थाप होती. साहेबांनी आजवर एकही पुस्तिका उघडली नव्हती. जिन्यात, लिफ्टमध्ये, कॉफीच्या रांगेत, असतील तिथून ते मंजुरीचा अंगठा दाबून मोकळे होत. नोकरी जाणार याचं सुगुणाला दुःख होतंच, पण इतकी वर्षं आपण पालथ्या घड्यावर पाणी ओतलं याची तिला जास्त चीड आली. जाता जाता साहेबांना एक चिमटा काढायचं तिनं ठरवलं.

प्रत्येक पुस्तिकेत एक नमुन्याचं कंत्राट असतं. सुगुणानं यात लिहिलं: 'काम: वीरभद्रप्पांना फोन करून सातवा भाग वाचलात का, असं विचारणे. त्यात काय आहे ते त्यांनी नीट सांगेपर्यंत विचारत राहणे.' साहेबांनी वाचलं तर पकडतील, चिडतील, निदान वाचलं हे तरी कळेल. पण एका बाबतीत ती हट्टी होती. पुस्तिकेतला नमुना चालवून बघितला की तो चाललाच पाहिजे. म्हणून तिनं ते कंत्राट हुडुकूमध्ये रीतसर नोंदवूनही टाकलं. साहेबांनी लिफ्टमधूनच अंगठा दाबला.

पुस्तिका बाहेर पडली. आता एजंट म्हणजे आज्ञाधारक जात. नवं हत्यार हाती आलं की आधी पुस्तिकेतला नमुना चालवून बघणार. त्यांनी बघितला, खरंखुरं कंत्राट हाती आलं, आणि सगळे इमानदारीनं कामाला लागले.

पहिला फोन आला तेव्हा साहेब न्हाव्यापुढे गालाला फेस लावून बसले होते. दुसरा सासुरवाडीच्या पूजेत. धारवाडी वळणाचा, लाघवी आवाज. "जेवण झालं का, सर? बरं, सातवा भाग वाचलात का?"

"वाचला, वाचला."

"मग काय आहे त्यात, सर?"

साहेबांनी फोन आपटला. लगेच पुढचा आला. सासऱ्यांनी विचारलं, "काय हो जावई, परीक्षा आहे का कसली?"

सोमवारी साहेब तणतणत ऑफिसात शिरले. सुगुणा ड्रॉवर रिकामा करत होती.

"हे थांबव आधी."

"हुडुकूमधला माझा अधिकार शुक्रवारीच काढला, सर. तुमच्याच सहीनं."

"मग कसं थांबवायचं ते तरी सांग."

"सातव्या भागात लिहिलंय."

साहेबांनी तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मग खुर्ची ओढून पुस्तिका उघडली. सातव्यात कंत्राट रद्द करायची रीत होती, पण ती काही कळेना, म्हणून सहाव्यावर आले, तिथून मागे सरकत पहिल्यावर. ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. सुगुणा रिकामा ड्रॉवर उगीचच पुसत राहिली. आपलं लिहिलेलं कोणी वाचताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"तिसऱ्या भागात चूक आहे," साहेब म्हणाले.

"शक्यच नाही."

"ये, बघ. रद्द झालेली कंत्राटं गाळायला तू सांगितलेलंच नाहीस. म्हणजे एजंट तीही आणणार आणि कोणाला नको असलेली कामं करत बसणार."

तिनं वाकून पाहिलं. चूक होती, आणि ढळढळीत होती. तिचे कान तापले.

"पण सर, एकाही एजंटानं तक्रार केली नाही."

"ते कशाला करतील? लिहिलंय तसं वागतात बिचारे. माझा फोन बघ ना, थांबतोय का?" साहेबांनी वाजणारा फोन उशीखाली सारावा तसा पुस्तिकेखाली सारला. "आणि तो ड्रॉवर काय पुसतेस मघापासून? सामान परत भर. हे निस्तरायला काय मी बसू?"

"आणि पुढची पुस्तिका, सर?"

"तू लिही. मी वाचीन. आता गप्प बस, चौथा भाग चाललाय."

सुगुणा जागेवर येऊन तिसरा भाग दुरुस्त करायला बसली. असलं काम ती एरवी चहा निवायच्या आत उरकायची. आज एक वाक्य लिहून ती थांबली, पुन्हा वाचलं, खोडलं, नव्यानं लिहिलं. आता ते कोणीतरी वाचणार होतं.